चिंतामणी सोडून कोणताही

एकोडी, १४ डिसेंबर १९७९

रुखमा,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. हे पाकीट आधी उषाच्या हातात जाणार, आणि तुझी ही मैत्रीण पाकीट फोडल्याशिवाय राहणार नाही. उषा, वाचून झालं असेल तर नीट चिकटव आणि शहापूरला पोचतं कर.

मी कॉलेज सोडलं. बाबा गावात सांगतात, ‘काढला त्याले.’ प्रिन्सिपॉलांनी कागदावर काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही, त्यांच्या टेबलासमोरच फाडलं. प्रयोगशाळेबाहेर त्या दिवशी मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं. तो शहाणा तुझ्या वहीवर वाकून बेडकाची आकृती काढून देत होता. बेडूक काय इतक्या जवळून काढावा लागतो? त्याच्या कानाखाली एक बसली तर काय बिघडलं? जाऊ दे. तुलाही घरच्यांनी कॉलेजातून काढलं, असं उषा म्हणाली. थोडे दिवस कळ काढ. मी सगळं नीट करून राहिलो आहे.

कसं ते सांगतो. माझ्या मामाची राजदूत, पासष्ट सालची, चार वर्षं आमच्या कोठ्यात बैलांच्या मागे उभी होती. मामा वारला तेव्हापासून. कोंबड्या सीटवर अंडी घालायच्या. ती मी बाहेर काढली. साकोलीला मंगरू म्हणून ट्रक रंगवणारा आहे, मेकॅनिकीही जाणतो, त्याच्या मागे लागून लागून इंजिन चालू केलं. पहिली किक लागली तेव्हा माय चुलीपुढून ओरडली, “काय फुटलं गा?” आता फक्त रंग राहिला. तो मी घरीच मारणार, गननं, कंपनीसारखा.

भंडाऱ्याला रंगाच्या दुकानात गेलो. त्यानं शेडकार्ड पुढ्यात टाकलं. सगळी नावं इंग्रजी, ऑक्सफर्ड ब्लू न् पोस्ट ऑफिस रेड न् डव्ह ग्रे. मी म्हटलं, चिंतामणी द्या. म्हणतो कसा, “बाबू, गाडी रंगवतं का लुगडं नेसवतं तिले?” मग मी खिशातून तुझ्या बांगडीचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. त्यानं तो निरखला. दोन निळे घेतले, चमचाभर पांढरा टाकला, काडीनं ढवळत बसला. तुकडा डब्याजवळ धरून तीनदा उन्हात नेला. तिसऱ्यांदा तुकडा कुठला आणि रंग कुठला, कळेना.

तो तुकडा माझ्याकडे कसा आला ते तुला माहीत आहे. उषाला कशाला.

आता तू सांग. चमक पाहिजे की मंद? टाकीवर पट्टा सोनेरी मारू की पांढरा? मंगरू म्हणतो, चांदीची पूड मिसळली तर उन्हात रंग मोरासारखा फिरतो, पण एकदा ओरखडा पडला की जोड लागत नाही. कार्डावर दोन शब्द लिही, बस. संक्रांतीच्या आधी मी गाडी घेऊन शहापूरच्या फाट्यावर उभा राहीन. तू फक्त बाहेर ये. पुढचं मी बघतो.

तुझा,
गोपीचंद


एकोडी, २९ डिसेंबर १९७९

रुखमा,

पंधरा दिवस झाले. दोन शब्द लिहायला इतका वेळ?

उषाला विचारायला मी भंडाऱ्याच्या होस्टेलवर गेलो होतो. ती फाटकाच्या आतून बोलली, मी बाहेरून. म्हणाली, पत्र दिलं. तू वाचलं. काही बोलली नाहीस. वर हेही म्हणाली, की तुमसरचे पाव्हणे तुला पाहून गेले. पोरगा राईस मिलमध्ये बाबू आहे म्हणे. मी फाटकाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं झालं, एवढंच त्यातून निघालं.

ते जाऊ दे. गाडी बघशील तर सगळं विसरशील.

हवा कुठून आणली, ते ऐक. गनला हवा लागते, एकोडीत कंप्रेसर कुठला? मंगरूनं आपली गन दिली आणि ट्रकची एक जुनी स्टेपनी दिली. ती हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे दगडासारखी टणक होईपर्यंत भरायची, बैलबंडीत घालून गावात आणायची, आणि तिच्या तोंडाला गनची नळी लावायची. बंडी गावात शिरली तर पारावरचे नत्थू पाटील म्हणतात, “काय रे गोप्या, साकोलीची हवा एकोडीले विकायले आणली का?” एका स्टेपनीत टाकी आणि दोन मडगार्ड, एकच हात बसतो. मग हवा संपते. पुन्हा बंडी, पुन्हा साकोली. चार खेपा झाल्या.

आधी लांबी भरली, पाण्याच्या पेपरनं घासली, अस्तर मारलं, पुन्हा घासली. मग चिंतामणी. पहिला हात फिका वाटतो. दुसऱ्या हाताला रंग असा वर आला, रुखमा, की मी गन खाली ठेवली आणि नुसता पाहत राहिलो. माय दारात येऊन म्हणे, “ही गाडी हाय का नवरी वं माय!”

शेवटचा हात आणि पट्टा राहिला आहे. तो तुझ्या उत्तरासाठी ठेवला.

तुझी सातही पत्रं माझ्याजवळ आहेत, प्रॅक्टिकलच्या वहीत. रोज काढतो. तिसऱ्या पत्रात तू लिहिलंस ना, ‘तुम्ही हसता तेव्हा बरे दिसता, रागावता तेव्हा मला दुसरेच कोणी वाटता.’ पहिलं अर्धं वाचतो, दुसरं सोडतो.

त्या तुमसरवाल्याला सांगून दे. नाहीतर मी सांगतो, माझ्या पद्धतीनं. मग म्हणू नको.

गोपीचंद


एकोडी, ८ जानेवारी १९८०

रुखमा,

तुझे बाबा येऊन गेले. तुला माहीत असेलच. पण आमच्या अंगणात काय झालं ते तुला कोणी पूर्ण सांगणार नाही, म्हणून लिहितो.

ते, तुझा भाऊ धनीराम आणि तुमच्याकडचे दोन म्हातारे. मायनं खाटा टाकल्या. चहा कोणी घेतला नाही. तुझे बाबा आवाज न चढवता बोलले, तेच वाईट.

“लक्ष्मणभाऊ, तुमच्या पोट्ट्यानं भर कॉलेजात माह्या पोरीचा हात धरला. नाव घेऊन ओरडला. थे तुमसरपर्यंत गेलं. पाव्हणे म्हणतात, पोरगी पसंत हाय, पण लोक बोलून राहिले. आता म्हणतात, वरून एक मोटरसायकल द्या, आमी कान बंद करतो. म्या कोठून आणू मोटरसायकल? अन् काहून आणू? केलं कोणी?”

बाबा जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. गाडी समोरच उभी होती. चिंतामणी. उन्हात.

“ही हाय,” बाबा म्हणाले. “घेऊन जा.”

मी म्हटलं, “ती मामाची हाय. माझी हाय.”

“मामा गेला. तू काय कमावलं आतापर्यंत?” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. मग तुझ्या बाबांना, “तुलारामभाऊ, माह्या पोट्ट्यानं तुमची पोरगी उघड्यावर आणली. तिचं लग्न मोडलं तर मी कोठं तोंड दाखवू? गाडी जाईन. अन् तयार होऊन जाईन, नव्यासारखी. हाच करून देईन, याच हातानं.” मायला म्हणाले, “चहा आण. आता घेतील.”

आणि त्यांनी घेतला, रुखमा. चौघांनीही.

निघताना त्यातला एक म्हातारा गाडीभोवती फिरला. म्हणे, रंग जरा भडक हाय. बाबा म्हणाले, “पोरीले इचारा. थे सांगन तो रंग.” आणि धनीराम मागे राहिला, मला कोठ्याजवळ नेऊन म्हणाला, “ताईची पत्रं दे.” मी म्हटलं, कुठली पत्रं? जाळली. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. “तुमसरच्या घरी उद्या एक कागद पोचला ना गोपी, तर तिचा जन्म गेला समज. लग्नाच्या आधी मले सातही पाहिजेत. मोजून.”

म्हणजे तू त्याला सात आकडा सांगितलास.

मी देणार नाही. गाडी गेली, ती बाबांची जबान होती. पत्रं माझी आहेत.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तुला रंग विचारणार आहेत. तू ‘आहे तोच राहू दे’ म्हण, किंवा नुसतं चिंतामणी म्हण. कोणालाच काही कळणार नाही, फक्त मला कळेल. मग गाडी तुमसरला जाऊ दे, काही जाऊ दे. मी गप्प बसेन. तेवढा एक शब्द.

गोपीचंद


एकोडी, १६ जानेवारी १९८०

रुखमा,

काल धनीराम आला. मायनं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, त्यानं तो खिशात टाकला. मी विचारलं, “रंग?”

“म्हणाली, चिंतामणी सोडून कोणताही.”

मी म्हटलं, पुन्हा सांग.

“चिंतामणी सोडून कोणताही. एवढंच म्हणाली. मी म्हटलं, काहून वं? तर तिनं बाही वर केली न् मनगट दाखवलं.” मग सायकलचं हँडल धरून म्हणाला, “आमी समजून होतो, तू हात धरला. बाबाले अजून तेवढंच ठाऊक हाय. काच मांसात गेली होती बे. तीन महिने ती बाह्या खाली ओढून भाकरी थापते, अन् आमच्या कोणाच्या ध्यानात नाही आलं.”

तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसता सायकलवर बसून गेला.

आता लिहितोच. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझ्यासाठी केलं. खोटं आहे. त्या पोराच्या कानाखाली मी नंतर मारली. आधी तुझा हात धरला. तू म्हणालीस, “सोडा, लोक पाहतात.” मी म्हटलं, पाहू दे. तू हात ओढलास आणि मी आवळला. चार बांगड्या होत्या तुझ्या, चारही गेल्या. तू ओरडली नाहीस, मीच ओरडलो, तुझं नाव घेऊन, दोनदा. तोवर वर्गातल्या चार पोरांनाही आपलं माहीत नव्हतं. मग सगळ्या कॉलेजला झालं. तू खाली बसून वह्या गोळा करत होतीस, वहीवर रक्ताचे ठिपके पडले होते, आणि मी त्या पोरामागे धावत होतो. संध्याकाळी परत जाऊन मी तो तुकडा वेचून आणला. वाटलं, प्रेमाची खूण. तोच दुकानात काउंटरवर ठेवला, आणि तोच रंग तुझ्या पुढ्यात उभा करणार होतो. वर तुला विचारलं, चमक पाहिजे का.

मले काही सुचून नाही राहिलं. कोऱ्या कागदाकडे बघतो, तर त्यात तू बाही खाली ओढून भाकरी थापताना दिसतेस.

गोपीचंद


एकोडी, २३ जानेवारी १९८०

रुखमा,

सहा दिवस घासतो आहे. रंग मारायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट काढायला लागतो. बादलीत पेपर बुडवायचा, घासायचं, धुवायचं. अंगणातून निळं पाणी वाहत उंबराच्या झाडापर्यंत जातं. माय म्हणाली, “एवढा साजरा रंग, काहून काढतं गा?” मी म्हटलं, पोरीला आवडला नाही. माय म्हणाली, “मंग काढ.” 

टाकीच्या पोटाखाली, चेसिसकडच्या बाजूला, जिथं कधीच कोणाची नजर जाणार नाही, तिथं तळहाताएवढा राहिला होता. दोन दिवस राहू दिला. जन्मभर तिथंच राहिला असता, कोणाला कळलं असतं? काल टाकी पुन्हा उतरवली आणि तोही काढला. पत्रा दिसेपर्यंत. ‘सोडून’ म्हणजे सोडून.

आता रंग कोणता, तो मलाच ठरवायचा आहे. कोणताही, म्हणालीस. शेडकार्ड भिंतीला लावून ठेवलं आहे. बाबा म्हणतात, लाल मार, लग्नाची गाडी हाय. मंगरू म्हणतो काळा, कंपनीचा असतो तसा. काळा लग्नात चालणार नाही. लाल मी मारायला घेतला असता, पण परवा मंगरूकडे रंगवायला आलेल्या ट्रकवर बसून तुमसरला जाऊन आलो. भांडायला नाही, शपथ. राईस मिलच्या मागचं ते घर लांबून बघितलं. मिलच्या भट्टीत कोंडा जळतो, त्याची राख दिवसभर उडते. दोरीवरच्या कपड्यांवर, ओसरीवर, सगळ्यावर. दारात एक सायकल होती. एक बाई ती फडक्यानं पुसत होती, सासूच असेल. आता तिथं गाडी येईल, आणि फडकं तुझ्या हातात.

गडद रंगावर राख उठून दिसते. चकचकीत रंगावर बोटंसुद्धा दिसतात, मग रोज बोलणी. म्हणून बदामी घेतला. राख बसली तरी संध्याकाळपर्यंत कळणार नाही. चमक ठेवतो, पण बेताची, ओल्या फडक्याच्या एका हातात निघेल इतकी गुळगुळीत. पट्टा नाही. पट्ट्याच्या कडेला मळ धरतो. बाबा म्हणाले, “बदामी म्हणजे मातीच की बे.” मी म्हटलं, म्हणूनच.

उषानं माझी पत्रं परत पाठवली, चारातली तीन. तू पहिलंच वाचलंस म्हणे, बाकीची घेतलीच नाहीस. म्हणजे हे कोणासाठी लिहून राहिलो ते मला ठाऊक नाही. हात थांबत नाही.

तुझी सात अजून माझ्याकडेच आहेत. धनीरामचा निरोप दोनदा आला. देत नाही. जाळतही नाही. गाडी देऊन टाकली, रंग काढून टाकला, आता तेवढंच राहिलं.

गो.


एकोडी, ३० जानेवारी १९८०

रुखमा,

गाडी नासली.

खरं सांगतो, मागे कधीतरी मी मनात म्हटलं होतं, पेट्रोलच्या टाकीत मूठभर साखर टाकावी आणि मग जाऊ दे तुमसरला. टाकली नाही. म्हटलं मात्र होतं.

काल शेवटचा हात होता. चुरणीचे दिवस, सगळ्या गावात बैलांच्या पायाखाली धान चुरून राहिले आहेत, हवेत तणसाची धूळ. ओल्या रंगावर एक कुसळ बसलं तरी पुन्हा घासावं लागतं. मी आदल्या दिवशी मायला म्हटलं होतं, अंगणात धूळ उडू देऊ नको. ती पहाटे उठली, सगळ्या अंगणात सडा टाकला, भिंतीपर्यंत सारवलं. शेजारून चार पोती आणून ओली करून दोरीवर टांगली, पडद्यासारखी. मी उठलो तर धुळीचा कण नाही. वर बोडीच्या पाण्यावरून धुकं आलेलं. मी खुशीत गन जोडली.

रंग असा बसला होता, आरशासारखा. मग टाकीच्या टोकापासून दुधाळ होत गेला. दहा मिनिटांत सगळी गाडी पांढुरकी, कोड फुटल्यासारखी. मी फडक्यानं पुसायला गेलो तर अजून बिघडली.

बाबा बाहेर आले. सहा दिवसांवर लग्न. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “जळून राहिला तू. जळून नासवली,” म्हणाले आणि सगळ्यांसमोर ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी काही केलं नव्हतं.

तुला वाटेल मी ओरडलो. तोंड उघडलंच नाही. तुमसरच्या ओसरीवर ही पांढरी गाडी उभी दिसत होती, आणि लोक विचारतात, “हे काय आणलं माहेरून?” आणि तू बाही खाली ओढतेस.

सायकल काढली आणि साकोलीला मंगरूकडे गेलो. मंगरू येऊन बघून हसला. “रंग धुकटला. थिनर उडता उडता हवेतली ओल पिते. नासलं काही नाही. ऊन खाऊ दे, वरून घास, अन् भर दुपारी, कोरड्या जागी मार. पण गोपी, अंगण कोणी सारवलं बे? पोती कोणी टांगली?”

माय दारात उभी होती. पदर तोंडाशी. तिला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, “मीच.”

“येडा हाय तू,” मंगरू म्हणाला. बाबा आतून म्हणाले, “येडा नाही, बदमाश हाय.” माय काही बोलायला लागली, मी तिच्याकडे बघून मान हलवली. रात्री तिनं माझ्या ताटात दोनदा तूप वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

उद्यापासून पुन्हा घासणं. हात सोलले आहेत, अक्षर बघ कसं येऊन राहिलं.

गो.


३ फेब्रुवारी १९८०, दुपार, बोडीच्या पाळीवर

रुखमा,

उद्या तुझं लग्न.

गाडी ढकलत पाळीवर आणली आहे. इथं चुरणी नाही, सारवण नाही, सावली नाही. ऊन असं आहे की पत्र्याला हात लागत नाही. मंगरूनं दोन स्टेपन्या भरून दिल्या, म्हणाला लग्नाचा आहेर समज.

रंग मारताना जे चमकतं ते झाकावं लागतं. हेडलाईटची काच, मीटर, हँडल, सायलेन्सर. कागद फाडायचा, तांदळाच्या पेजेची खळ लावायची, चिकटवायचा. घरात जितकी रद्दी होती ती त्या नासलेल्या हाताला गेली. एकोडीत पेपर येतो तो एक, नत्थू पाटलांकडे, आणि त्यांनी त्यात लोणच्याच्या बरण्या बांधल्या. सकाळी मी इथं आलो आणि बघतो तर झाकायला काही नाही. पिशवीत प्रॅक्टिकलची वही होती.

थोडा वेळ बसलो. एक म्हैस पाण्यातून बाहेर आली, गाडीकडे बघून परत गेली.

मग तुझं पहिलं पत्र हेडलाईटला लावलं. दुसरं मीटरला. तिसरं, ते रागावता तेव्हाचं, हँडलला गुंडाळलं, या वेळेस दोन्ही अर्धी वाचून. चार सायलेन्सरला लागली. माझी उषाकडून आलेली तीन आणि मग न पाठवलेली दोन बाकीच्या कडांना. सकाळच्या हाताला सगळ्यांची एक बाजू बदामी झाली. वाळली तेव्हा सोडवली, उलटी करून पुन्हा चिकटवली. आता दुसऱ्या हाताला दुसरी बाजू जाईल. संध्याकाळी धनीराम गाडी न्यायला येईल, त्याला सात कागद देईन. म्हणेन, मोजून घे. पुठ्ठ्यासारखे ताठ झाले आहेत. त्यात एक अक्षर कोणाला लागणार नाही, ना तुमसरच्या लोकांना, ना धनीरामला, ना मला.

बांगडीचा तुकडा सकाळीच बोडीत टाकला. लांब फेकला नाही, हात उचललाच नाही. पाळीवरून सोडला, खाली गेला.

पहिला हात बरा बसला आहे. तुला आवडेल असं म्हणत नाही. पुसायला सोपा आहे.

दोन गोष्टी सांगायच्या होत्या. चोक अर्धाच ओढायचा, पूर्ण ओढला की ती पेट्रोल पिऊन बसते. त्यांना सांग, धनीरामनं सांगितलं म्हण. आणि मनगटाला खोबरेल लावत जा, डाग...

वारं सुटायच्या आत दुसरा हात मारला पाहिजे. मागचा लाल दिवा अजून उघडा आहे. सगळे कागद संपले, हा एवढा राहिला. मापानं बरोबर बसेल.